डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची रक्तचाचणी : तालुक्यात हवी की नको?

घाटमाथ्यावरचा डॉक्टर (धागाकर्ता)

गगनबावड्याकडच्या भागात माझा दवाखाना आहे. पावसाळ्यात घाटात दुचाकी घसरून पडलेले तरुण आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांतले बरेचसे स्वतःच्या पायांनी चालत येतात, नाव-गाव नीट सांगतात, एखादी उलटी झालेली असते, आणि सोबत आलेल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो : ‘डॉक्टर, कोल्हापूरला न्यायलाच पाहिजे काय?’ सीटी स्कॅनसाठी सुमारे 55 किलोमीटर जायचे, तेही रात्री आणि भर पावसात. नेले तर बहुतेकांच्या स्कॅनमध्ये काही सापडत नाही. न नेले तर एखाद्याच्या कवटीत रक्त साकळत असते आणि ते ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

या पेचावर उपयोगी पडेल अशी रक्तचाचणी आता आलेली आहे. मेंदूला इजा झाली की मज्जापेशींतून यूसीएच-एल1 आणि त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशींतून जीएफएपी ही प्रथिने रक्तात उतरतात. पहिले लवकर चढते, दुसरे सावकाश चढून अधिक काळ टिकते. या जोडीवर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2018 मध्ये प्रथम मान्यता दिली. तेव्हा ती प्रयोगशाळेतच करावी लागे. 2024 मध्ये मात्र शिरेतून काढलेले रक्त थेट हातात मावणाऱ्या यंत्राच्या काडतुसात घालून साधारण 15 मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचणीलाही मान्यता मिळाली, आणि इजेनंतर 24 तासांपर्यंत ती करता येते. माझे म्हणणे असे की, ही चाचणी जिथे सीटी आहे तिथे असण्यापेक्षा जिथे सीटी नाही तिथे असण्याची गरज अधिक आहे, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध व्हावी यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

रंकाळ्याकाठचा रेडिऑलॉजिस्ट

डॉक्टर, आपला पेच खरा आहे, परंतु आपण सुचवलेला उपाय मला पटत नाही. ज्या अभ्यासावर 2018 ची मान्यता उभी आहे, त्याचे आकडे पाहावेत. 1959 रुग्णांपैकी 125 जणांच्या सीटीमध्ये कवटीच्या आत इजा दिसली आणि चाचणीने त्यांपैकी 122 जण पकडले, ही गोष्ट निश्चितच कौतुकाची आहे. पण उरलेल्या 1834 जणांचा सीटी स्वच्छ असूनही त्यांतल्या 1166 जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे ज्यांना कोल्हापूरला आणण्याची गरज नव्हती, अशा दर तिघांपैकी जवळपास दोघांना आपण चाचणी करूनही आणणारच, आणि तेही कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून, नातेवाइकांच्या पोटात गोळा आणून.

शिवाय याच कामासाठी फुकटची साधने आपल्याकडे आहेतच. 2001 साली प्रसिद्ध झालेले कॅनडाचे सीटी-नियम दोन तासांनंतरही पूर्ण शुद्ध नसणे, दोन किंवा अधिक उलट्या, 65 किंवा त्याहून अधिक वय, कवटी फुटल्याची खूण अशा मोजक्या गोष्टी तपासायला सांगतात. टॉर्च, घड्याळ आणि दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या व शुद्ध तपासून नोंद ठेवणारी परिचारिका एवढ्यावर ते चालतात. यंत्रावर होणारा खर्च रात्रीच्या रुग्णवाहिकेवर आणि तालुक्याच्या जवळ एखादा सीटी बसवण्यावर व्हावा, असे माझे मत आहे.

घाटमाथ्यावरचा डॉक्टर

आकडे तेच आहेत, पण आपण ते स्कॅनच्या खोलीतून वाचता आणि मी रस्त्याच्या या टोकाकडून वाचतो. त्याच 1959 पैकी 671 जणांची चाचणी निगेटिव्ह आली आणि त्यांपैकी केवळ तिघांच्या सीटीत काही दिसले. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज भासू शकली असती असे आठ रुग्ण होते, त्यांतला एकही निसटला नाही. एक तृतीयांश लोकांची रात्रीची फेरी वाचणे ही माझ्या दृष्टीने किरकोळ बाब नाही.

कॅनडाचे नियम मी वापरतोच. तथापि, तोंडाला दारूचा वास येणारा तरुण समोर बसलेला असतो, डोळे मिटून पडतो, हाक मारली की उघडतो, दिवस विचारला की चुकीचा सांगतो. त्याचा ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी मोजणारे 15 पैकी गुण) 13 आहे तो मेंदूच्या इजेमुळे की बाटलीमुळे, हे टॉर्च सांगत नाही. आणि जेव्हा मी ‘न्या’ म्हणतो आणि घरचे ‘सकाळी बघू’ म्हणतात, तेव्हा छापील निकाल हातात असला तर तेच लोक गाडी काढतात, हा आमच्या भागातला व्यवहार आहे.

लॅबवाली ताई

मी गेली अनेक वर्षे कोल्हापुरातच प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे व्यवहारातल्या काही गोष्टी सांगते. अशी काडतुसे शीतकपाटात ठेवावी लागतात, एकदा वापरली की संपतात आणि त्यांना मुदत असते. तालुक्यात वीज जाते तेव्हा शीतकपाटाचे तापमान कोण पाहणार? आठवड्याला एखादाच रुग्ण आला तर निम्मी काडतुसे मुदत संपून फेकावी लागतील, आणि पुढच्या वर्षी हिशेब तपासणारा साहेब ‘वापर नाही’ म्हणून मागणीच रद्द करील. आमच्याकडे याहून साध्या तपासण्यांच्या किटचे असे झालेले मी पाहिले आहे.

दुसरे असे की, वाडी-वस्तीवरचा माणूस पडल्यावर तिसऱ्या दिवशी ‘डोकं जड वाटतंय’ म्हणून येतो. चोवीस तासांची मुदत तोवर उलटून गेलेली असते, आणि अशा वेळी ‘निगेटिव्ह’ हा निकाल दिलासा देणारा नसून दिशाभूल करणारा ठरेल.

कसबा बावडेकर

माझे वडील 78 वर्षांचे आहेत आणि त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. न्हाणीत पाय घसरून पडले, तर त्यांना ही चाचणी करावी का?

रंकाळ्याकाठचा रेडिऑलॉजिस्ट

बावडेकर, नाही. थेट सीटी करावा. वयाबरोबर जीएफएपी मुळातच वाढत जाते, त्यामुळे वडीलधाऱ्यांमध्ये चाचणी पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता अधिक असते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना चाचणी निगेटिव्ह आली म्हणून मी तरी निर्धास्त राहणार नाही. पहिला सीटी स्वच्छ आला तरी पुढचे काही आठवडे चालण्यात, बोलण्यात, झोपेत फरक पडतो का याकडे लक्ष ठेवावे, कारण या वयात रक्त हळूहळू साकळते.

पेठेतला गोलकीपर

आमच्या तालमीच्या संघात डोक्याला डोके आपटून पोरगा पाच मिनिटे भांबावतो आणि नंतर ‘मला काय झालं नाही’ म्हणून पुन्हा मैदानात उतरायला बघतो. ही चाचणी निगेटिव्ह आली तर त्याला खेळू द्यावे काय? शाहू स्टेडियमवर असे यंत्र ठेवले तर बरे होईल असे मला वाटते.

मेंदूविभागातला निवासी डॉक्टर

गोलकीपर दादा, त्यासाठी ही चाचणी नाही, आणि हा गैरसमज पसरू नये. ती अठरा वर्षांवरील रुग्णाला सीटीची गरज आहे का, एवढेच ठरवायला मदत करते. मेंदू हादरला आहे की नाही हे लक्षणांवरून आणि तपासणीवरूनच ठरते. भांबावलेल्या खेळाडूला त्या दिवशी मैदानाबाहेरच बसवावे, मग यंत्र काहीही सांगो.

मूळ मुद्द्यावर मी दोन्ही सरांशी अर्धा-अर्धा सहमत नाही, असे म्हणावे लागेल. सीटी स्वच्छ म्हणजे मेंदू स्वच्छ, हे रेडिऑलॉजिस्ट सरांनी गृहीत धरलेले दिसते. सीटी स्वच्छ असलेल्या, पण जीएफएपी वाढलेल्या अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये इजा सापडते, हे अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासाने 2019 मध्ये दाखवले. म्हणजे सरांनी ‘खोटे पॉझिटिव्ह’ म्हणून मोजलेल्या 1166 जणांतले काही जण बहुधा खरोखर जखमी होते. त्यांना शस्त्रक्रिया नको होती, पण महिनाभराने पुन्हा तपासणी हवी होती. इजेचे वर्गीकरण 1974 पासून चालत आलेल्या ग्लासगो स्कोअरवरच न थांबवता त्यात रक्तातील खुणा आणि प्रतिमा यांचीही भर घालावी, असा आंतरराष्ट्रीय प्रस्ताव 2025 मध्ये आला तो याचसाठी.

उपचारांच्या बाबतीत मात्र धागाकर्त्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. जीएफएपी वाढले म्हणून द्यावे असे एकही औषध आज हातात नाही. स्टेरॉइड फायद्याचे असावे असे वर्षानुवर्षे वाटत होते. 2004 मध्ये दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढतात असे दिसले. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या दोन मोठ्या चाचण्या 2014 मध्ये निष्फळ ठरल्या. वेगवेगळ्या प्रकारच्या इजा एकाच टोपलीत टाकून औषध तपासले, हे त्या अपयशाचे एक कारण सांगितले जाते, आणि पुढच्या चाचण्यांसाठी रुग्ण निवडताना या प्रथिनांचा खरा उपयोग होईल असे मला वाटते.

एक भीती मात्र आहे. गंभीर रुग्णात पहिल्या दिवशीच्या पातळीवरून मृत्यूचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. हा आकडा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उसनवारी करून बसलेल्या घरच्यांसमोर कुणी ‘आता काही उपयोग नाही’ अशा अर्थाने ठेवला, तर ते रुग्णाला घरी नेतील. गटाबद्दलचा अंदाज एका माणसाला लावून मोकळे होण्याचा अधिकार डॉक्टरला नाही.

रंकाळ्याकाठचा रेडिऑलॉजिस्ट

एमआरआयचा मुद्दा मान्य, पण त्यातून माझाच आक्षेप बळकट होतो : ज्या जिल्ह्यात वेळेवर सीटी मिळण्याची मारामार, तिथे एमआरआयसाठी आणखी माणसे पाठवणार कुठे? तालुक्यात चाचणी द्यायचीच असेल, तर जिथे चोवीस तास प्रयोगशाळा आणि विजेची पर्यायी सोय आहे अशा एकाच ठिकाणी ती द्यावी, 18 ते 65 वयाच्या आणि चोवीस तासांच्या आत आलेल्या रुग्णांपुरती ठेवावी, आणि निगेटिव्ह आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करावी. माझा शेवटचा प्रश्न एवढाच : निगेटिव्ह निकालावर घरी पाठवलेल्या रुग्णाच्या कागदावर सही कोणाची असेल?

घाटमाथ्यावरचा डॉक्टर

सही माझीच असेल, जशी ती आज कोणत्याही चाचणीशिवाय घरी पाठवताना असते. आपल्या तिन्ही अटी मला मंजूर आहेत. शीतकपाटाचा प्रश्न लॅबवाल्या ताईंनी योग्य काढला. लसींची शीतसाखळी तालुक्यापर्यंत पोहोचलेलीच आहे, तिच्यातच या काडतुसांना एक कप्पा मिळावा. चौथी अट मी घालतो : पॉझिटिव्ह रुग्ण कोल्हापूरला निघाला की तिकडच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फोन उचलावा आणि तो पोहोचण्याआधी सीटीची तयारी ठेवावी. 108 ची गाडी मिळवायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ आमचे रुग्ण तिथे स्ट्रेचरवर नोंदणीसाठी थांबतात.