शब्द हवा आहे: ‘रेशियल इक्विटी’ला मराठीत काय म्हणाल?

मृणाल_जर्सीकर
इथे अमेरिकेत आमच्या गावच्या शाळामंडळाने पालकांसाठी पत्रक काढलंय. गुजराती, तेलुगू, मराठी भाषांतरं हवी आहेत आणि मराठी माझ्या गळ्यात पडलंय. मथळ्यातच अडले. शिक्षकांची तयारी, त्यांच्यातलं वैविध्य आणि त्यांना पाठबळ, यांतून ‘रेशियल इक्विटी’, म्हणजे काळ्यागोऱ्यांतला न्याय, पुढे न्यायची, असा मजकूर आहे. मी ‘वांशिक समता’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “शाळेला कुणाच्या वंशाशी काय करायचंय गं?” खरंच आहे. मराठीत वंशाला दिवा असतो, वेल असते, नाहीतर तो बुडतो. काळ्यागोऱ्याचं त्यात काहीच येत नाही. आणि समता, समानता, समन्याय यांतलं इक्विटी कोणतं? सोमवारी द्यायचंय.

तर्कटराव
वर्णसमता. ‘वर्णद्वेष’ दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी कधीच रुळवलाय. मिटला प्रश्न.

सुनंदा कुलकर्णी-जाधव
कसला मिटला? वर्णद्वेष चालतो कारण पुढे द्वेष आहे. नुसता ‘वर्ण’ म्हटला की मला चार आठवतात, कातडीचा रंग नाही. ‘वर्णसमता’ वाचून कुणाला वाटेल की चातुर्वर्ण्यातच समता आणायची आहे. वर्ण ठेवून समता कशी आणतात ते सांगा, मग शब्द घेऊ.

पानकिडा
दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. घटनेच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. ‘समता’ हे बाबासाहेबांनी १९२८ साली पत्राला दिलेलं नाव. दोन्हींचा अर्थ सगळ्यांचा दर्जा सारखा. इक्विटी म्हणजे ज्याला मागे ठेवलं गेलं त्याला आधी आणि जास्त. कायद्याच्या मराठीत ‘समन्याय’ आहे.

तर्कटराव
समन्याय कोण बोलतं हो? कोर्टाच्या कपाटाचा वास येतो त्याला.

आटपाडीकर
आमच्याकडं बोलत्यात. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी पाणी परिषदा भरायच्या, तिथं शाळा न शिकलेली म्हातारी माणसंसुद्धा ‘समन्यायी वाटप’ म्हणायची. त्याआधी ७२च्या दुष्काळानंतर पुरंदरात, नायगावला, विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत झाली. जमीन कितीही असू द्या, पाणी माणशी अर्ध्या एकराचं. भूमिहीनालाबी हक्क. ज्याची शंभर एकर त्याला शंभर एकराचं पाणी, ही झाली तुमची समानता. माणशी वाटा हे समन्यायी. कोर्टाचा वास नाही, मातीचा आहे.

मृणाल_जर्सीकर
आटपाडीकर दादा, हे फारच नेमकं. पण ‘वांशिक समन्याय’ म्हटल्यावर सासूबाईंचा प्रश्न तसाच उरतो ना!

कॅरोलायनाकाका
शब्दाआधी प्रकरण पाहा. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ब्राउन खटल्याचा निकाल लागला, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या. आपण शाळेत शिकलो ते एवढंच. पुढे झालं असं की बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद करून मुलं गोऱ्यांच्या शाळेत पाठवली, मास्तर मात्र घरी बसवले. खटला ज्या टोपेका गावचा, तिथल्या शाळाधिकाऱ्याने तर मार्च १९५३ मध्येच, निकालाची वाट न पाहता, काळ्या शिक्षिकेला पत्र पाठवलं: निकाल विरुद्ध गेला तर गोऱ्या मुलांसाठी निग्रो शिक्षक नेमणं गावातल्या बहुतेकांना चालणार नाही, असं आम्ही धरून चालू. दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत १९६५ पर्यंत सुमारे ३८ हजार काळे शिक्षक-मुख्याध्यापक नोकरीला मुकले, असा आकडा दिला जातो. आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं गोरेतर, आणि शिक्षक ८० टक्क्यांच्या आसपास गोरे. काळे जेमतेम ६ टक्के.

म्हणून मला त्या मथळ्यातला ‘वैविध्य’ जास्त खुपतो. फुलांच्या प्रदर्शनातला शब्द आहे तो. हाकललेल्या माणसांच्या जागा भरायच्या आहेत, ताटवा सजवायचा नाही.

पानकिडा
काका, ‘काळे’ लिहू नका. कृष्णवर्णीय.

कॅरोलायनाकाका
ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात, अभिमानाने. आपल्याकडच्या दलित पँथरांनी १९७२ साली नाव त्यांच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. ‘कृष्णवर्णीय’मध्ये मला संकोचच जास्त दिसतो.

सुनंदा कुलकर्णी-जाधव
आणि हा प्रश्न जोतीरावांनी १८८२ सालीच मांडलाय. इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात ते स्पष्ट म्हणतात की गावच्या शाळेत शेतकरी वर्गातलेच, पण शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले मास्तर नेमा. ते पोरांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. ब्राह्मण मास्तर सोवळ्यापायी फटकून राहतो. मृणालच्या पत्रकातली तयारी आणि वैविध्य दोन्ही यात आलं की नाही? १८७३ ची ‘गुलामगिरी’ तर त्यांनी गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केली होती.

तर्कटराव
इथे शब्दाची चर्चा आहे. दर वेळी जातीवर न्यायलाच हवी का?

सुनंदा कुलकर्णी-जाधव
‘वर्ण’ कुणी आणला धाग्यात? वर जाऊन वाचा.

शुद्धमती
कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, ‘तयारी’ हा मुळात अरबी शब्द. सिद्धता म्हणावे. शिक्षकांची पूर्वसिद्धता.

आटपाडीकर
पूर्वसिद्धता म्हंजे लढाईला निघाल्यागत वाटतंय.

पानकिडा
तय्यारचा मूळ अर्थ उडणारा. शिकारीला सोडण्याजोगा झालेला ससाणा तो तय्यार, असं माझे उर्दूचे सर सांगायचे. शिक्षकाला याहून चांगला शब्द कोणता मिळणार?

मृणाल_जर्सीकर
मी ‘शिक्षकांची घडण’ असा विचार करतेय. डी.एड.-बी.एड.पुरतं ते नाहीये. इथे अमेरिकेतच, साउथ कॅरोलायना राज्यात, क्लेमसन विद्यापीठाने तीन कृष्णवर्णीय महाविद्यालयांबरोबर एक उपक्रम काढला, ‘कॉल मी मिस्टर’ नावाचा, मुख्यतः काळ्या तरुणांनी प्राथमिक शिक्षक व्हावं म्हणून. फीला मदत, गटाने एकत्र शिकणं, नोकरी लावून द्यायला हातभार. घडण आणि पाठबळ वेगळं काढताच येत नाही तिथे.

कॅरोलायनाकाका
नाव मुद्दाम आहे ते. दक्षिणेत साठीच्या काळ्या माणसालाही गोरे ‘बॉय’ म्हणायचे, मिस्टर कधी नाही.

सुनंदा कुलकर्णी-जाधव
आमच्या गावी माझ्या आजेसासऱ्यांना पाटलाचं शेंबडं पोरही अरेतुरे करायचं. यासाठी भाषांतर लागत नाही.

पानकिडा
गंमत म्हणजे मिस्टर हे मास्टरचंच झिजलेलं रूप. आपला मास्तर तिथलाच. आणि पोर्तुगीज मेस्त्रवरून आलेला मेस्त्री-मिस्त्रीही त्याच लॅटिन घरातला.

शुद्धमती
मास्तर परकाच. पंतोजी होते की.

तर्कटराव
पंतोजी फक्त पंतांचे. आता मीच जातीवर आलो, सुनंदाताई खूश?

सुनंदा कुलकर्णी-जाधव
खूश! :) पण मग शिकवणारी बाई ती मास्तरीण का?

आटपाडीकर
मास्तरीण म्हंजे मास्तरांची बायकू. शिकवती ती बाई.

शुद्धमती
साफ चूक. आमच्या कोकणात शिकवणारीलाच मास्तरीणबाई म्हणतात.

मृणाल_जर्सीकर
मंडळी, सोमवार...

आटपाडीकर
थांबा ताई, आधी ह्ये मिटू द्या. कोकणात मास्तरांच्या बायकूला मग काय म्हणत्यात?