चर्चा: ओटीटीची वर्षाची वर्गणी एकदम भरावी का?

हिशोबी

माझं मत: भरू नये. महिन्याचे किंवा तिमाहीचे पैसे द्यावेत, हवं ते बघून झालं की थांबवावं आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जावं. या धंद्यात पाट्या फार लवकर बदलतात. झीचं डिट्टो टीव्ही हे अ‍ॅप २०१२ मध्ये आलं, २०१८ मध्ये झी५ मध्ये जिरलं. व्हूट २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये जिओसिनेमात गेलं. मग जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार झालं. हूक या अ‍ॅपच्या मागे तर सिंगटेल, सोनी पिक्चर्स आणि वॉर्नर ब्रदर्स असे तीन धनी होते. तरी मार्च २०२० मध्ये कंपनी अवसायनात निघाली आणि ३० एप्रिलला सेवा बंद.

अर्थात अ‍ॅप बंद पडणं हा त्यातला लहान धोका. अ‍ॅप चालू राहतं आणि आतला माल निघून जातो, हे जास्त वेळा होतं. आयपीएलचे भारतातले डिजिटल हक्क २०२३ पासून जिओसिनेमा चालवणाऱ्या व्हायकॉम१८ कडे गेले, त्यामुळे तेव्हा हॉटस्टारवर आयपीएल नव्हतं. त्याच वर्षी ३१ मार्चला एचबीओ या अमेरिकी वाहिनीचा साठाही हॉटस्टारवरून उतरला. ज्याने जानेवारीत वर्षाचे पैसे भरले, त्याची वर्गणी तेवढीच राहिली आणि ज्यासाठी भरले तेच गेलं. कार्यक्रम कधीही काढू, असं अटींमध्ये लिहिलेलं असतंच. परतावा कशाच्या जोरावर मागणार?

तिसरी घंटा

साफ असहमत. मोठ्या अ‍ॅपसाठी हा सल्ला चालेल. नेटफ्लिक्सकडे तर भारतात वार्षिक योजनाच नाही, म्हणजे तिथे प्रश्नच मिटला. पण निव्वळ मराठी अ‍ॅपला हेच लावलंत तर ते अ‍ॅप तुम्हीच बंद पाडणार आणि वर म्हणणार, बघा, बंद पडलं.

मालिकेचं चित्रीकरण, संकलन, ध्वनी हा सगळा खर्च पहिला भाग दिसण्याच्या कित्येक महिने आधी होतो. वर्षाची आगाऊ वर्गणी म्हणजे लहान कंपनीला मिळालेलं बिनव्याजी खेळतं भांडवल. प्रेक्षक नवी मालिका आली की आत आणि संपली की बाहेर, असं करू लागला तर त्याच माणसाला परत आणायला पुन्हा जाहिरात करावी लागते. बंगालीत होईचोई अ‍ॅपमागे एसव्हीएफ ही चित्रपट कंपनी आहे, तेलुगूत आहा अ‍ॅपमागे गीता आर्ट्स ही चित्रपट कंपनी आणि माय होम हा बांधकाम समूह. खिशात खोली असलेले लोक दम धरू शकतात. मराठीत अल्ट्रा झकास अ‍ॅपकडे निदान घरचा चित्रपटसाठा आहे. ज्याच्याकडे साठा नाही आणि आगाऊ पैसाही नाही, त्याने काय करायचं?

रीळ

वर्षाला २९९ रुपयांत मराठी अ‍ॅप मिळायला हवं, अशी मागणी नेहमी होते. मांडून बघू. २९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की उरले २५३. गुगलच्या प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली तर १५ टक्के कमिशन, म्हणजे साधारण ३८. उरले २१५.

आता प्रसारण. १०८० पिक्सेलचं चित्र एचईव्हीसीमध्ये (चित्राची फाइल लहान करायची पद्धत) सेकंदाला ३ मेगाबिटने पाठवलं तर तासाला १.३५ जीबी जातात. सीडीएनचा (प्रेक्षकापर्यंत चित्र पोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याचा) दर करारागणिक बदलतो, पण आकडेमोडीपुरता जीबीला १ रुपया धरा. महिन्याला २० तास बघणारा २७ जीबी खातो. वर्षाचे झाले ३२४ रुपये. तो मनापासून बघतोय आणि कंपनी त्याच्यावर शंभराहून जास्त रुपये गमावतेय. फोनवर ४८० पिक्सेलला सेकंदाला १ मेगाबिट पुरतो, तिथे हाच खर्च १०८ वर येतो. स्वस्त योजना ‘फक्त मोबाइल’ का असते, त्याचं एक कारण हे.

तेव्हा तिसरी घंटा, आगाऊ वर्गणीचं भांडवल वगैरे ठीक, पण एवढ्या दराची वार्षिक योजना पैसे भरून न बघणाऱ्यांच्या जिवावर चालते.

तिसरी घंटा

महिन्याला २० तास? मराठी अ‍ॅपवर तेवढं बघायला नवं असतं कुठे! ४ तास धरा, वर्षाचे ६५ रुपये होतात. खरा खर्च निर्मितीचा, आणि तो बघणारे हजार असोत की लाख, तेवढाच राहतो. म्हणून तर वर्गणीदार किती टिकतील याचा आधीच अंदाज हवा. तो अंदाज वार्षिक वर्गणीतूनच येतो.

हिशोबी

आणि तो अंदाज चुकला तर जोखीम माझी? पैसे आगाऊ घेऊन कंपनी दिवाळखोरीत गेली, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मधल्या देणी फेडायच्या उतरंडीत आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेले सावकार, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तसंस्था, सरकार, आणि मग उरलीसुरली देणी. वर्गणीदार त्या उरल्यासुरल्यात. भांडवल पुरवायचं तर भागधारक करा की राव!

पडद्यामागचा

प्रेक्षकाचे फार तर काही शे रुपये जातात. निर्मात्याचा अख्खा चित्रपट अडकतो, त्यावर कुणी बोलत नाही. बरेच लहान निर्माते पाच-सात वर्षांसाठी फक्त त्याच अ‍ॅपवर दाखवायचे हक्क लिहून देतात. अ‍ॅप बंद पडलं तरी करार जिवंत राहतो, मग चित्रपट इकडे दिसत नाही आणि तिकडे विकताही येत नाही. करारात तीन गोष्टी हव्यातच. सेवा सलग ठरावीक दिवस, समजा ६०, बंद राहिली किंवा हप्ता थकला तर हक्क आपोआप परत. हक्क तिसऱ्या कंपनीकडे वळवायला निर्मात्याची लेखी संमती. आणि बघितल्या गेलेल्या मिनिटांचा दरमहा अहवाल. तो नसेल तर उत्पन्नातला वाटा नुसता कागदावर, आणि आता सरसकट खरेदीऐवजी वाट्यावरच बोळवण वाढलीय.

मूळ प्रत, संवादाविना संगीत-ध्वनीचा वेगळा ट्रॅक आणि उपशीर्षकांच्या फायली स्वतःकडे ठेवा. अ‍ॅपकडे पडलेल्या फायली लहान केलेल्या आणि कुलूपबंद असतात, त्या पुन्हा विकायच्या कामाच्या नाहीत.

वर्गणीच्या वादात मी हिशोबींच्या बाजूने. आगाऊ पैसा आला की तो नव्या निर्मितीत जातोच असं नाही, जाहिरातीतही उडतो.

खिडकी क्रमांक २

वाद चालू द्या, व्यवहाराचं सांगतो. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा सुपर योजना तिमाहीला २९९ आणि वर्षाला ८९९ होती. म्हणजे तीन तिमाह्या घेतल्यात तर बरोबरी, चौथी घेतलीत तर वार्षिकवाला २९७ रुपयांनी फायद्यात. फक्त आयपीएल बघणाऱ्याला एक तिमाही पुरते: २०२५ चा हंगाम मध्ये आठवडाभर थांबूनही २२ मार्च ते ३ जून, म्हणजे ७४ दिवसांत बसला. वर्गणी पहिल्या सामन्याच्या दिवशी घ्या. तीन आठवडे आधीची सवलत पाहून घेतलीत तर शेवटाकडे दिवस कमी पडायची भीती.

अ‍ॅप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआयने भरली असेल तर त्याच यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन ती परवानगी रद्द करा, प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना एसएमएसच्या ढिगात बुडते, म्हणून वर्गणी घेतल्या दिवशीच ऑटोपे बंद करा. भरलेल्या मुदतीपर्यंत साधारणपणे सेवा चालूच राहते.

सेवा बंद झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. नाहीच झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तिसरी घंटा

ऑटोपे पहिल्याच दिवशी बंद करायचा सल्ला छान आहे. मग मराठी अ‍ॅपवाल्यांनी मोबाइल कंपनीच्या रिचार्जमध्ये फुकट वाटलं जाण्यावाचून काय करायचं, तेही सांगा. तिथे माणशी मिळणारा पैसा वर्गणीच्या मानाने फारच कमी, आणि कंपनीने पुढचा करार केला नाही की एका रात्रीत सगळे प्रेक्षक गायब.