अवकाशातली एक्स-रे उपकरणं: आधी पैसे-तारीख पक्की की आधी विज्ञान?

वेळापत्रकवाली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. मी शास्त्रज्ञ नाही. उपग्रहावर जाणारी एक्स-रे उपकरणं बांधणाऱ्या टीममध्ये शेड्यूल आणि बजेट बघायचं काम मी केलंय, म्हणजे कोणतं इलेक्ट्रॉनिक कार्ड कधी येणार, कुठला टेंडर कुठे अडकलाय, आणि या वर्षीचे पैसे या वर्षी संपणार का, हे रोज सकाळी उठून बघायचं. त्यातून माझं मत असं झालंय की आधी एकूण रक्कम आणि तारीख पक्की करा आणि मग त्यात जेवढं बसेल तेवढंच उपकरण बांधा. होतं काय, की आधी सगळ्यांच्या इच्छा गोळा करतात, प्रत्येक ग्रुपचा एक डिटेक्टर, प्रत्येकाची एक एनर्जी रेंज (किती ऊर्जेचे एक्स-रे टिपायचे तो पट्टा), मग आकडा फुगतो, तो कोणी मंजूर करणार नाही म्हणून कागदावर कमी दाखवतात, आणि पुढची सात-आठ वर्षं ते खोटं निस्तरण्यात जातात.

नासाच्या 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीचं घ्या, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची. 1976 मध्ये प्रस्ताव आला, आणि 1992 ला पैसे पुरेनात म्हणून चक्क कात्री लावली. 12 आरशांचे 8 केले, उपकरणं सहावरून चार केली, शटलने जाऊन दुरुस्ती करायची योजना सोडून दिली आणि लांबट कक्षेत पाठवायचं ठरवलं. 23 जुलै 1999 ला गेली आणि पाव शतक काम केलं. कापलं म्हणूनच ती उडाली असं मला मनापासून वाटतं. आणि अजून एक, सगळ्यात मोठी आरशांची जोडी आधी बनवून 1991 मध्ये तिच्यावर एक्स-रे टाकून तपासून दाखवा, मगच पुढचं, अशी अट होती. सगळ्यात अवघड गोष्ट सगळ्यात आधी. आपल्याकडे आधी सोपं उरकून घेतात, प्रगती 60 टक्के दाखवतात आणि अवघड ते शेवटी राहतं.

खगोलवेडा_सातारा
ताई, लिहिलंय छान पण 'चंद्रा'ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. जे कापलं त्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं होतं. त्यात एक्स-रे कॅलरीमीटर होता, म्हणजे एकेक फोटॉन पडला की तापमान किती वाढलं त्यावरून त्याची ऊर्जा मोजणारा, जवळजवळ शून्य केल्विनला थंड ठेवावा लागतो तो. आधी तो दुसऱ्या छोट्या यानावर टाकू म्हणाले, 1993 ला तेही यान रद्द केलं. मग तो जपानच्या ॲस्ट्रो-ई या उपग्रहावर गेला, फेब्रुवारी 2000 मध्ये रॉकेटच फेल. परत बांधला, 2005 ला सुझाकू या पुढच्या जपानी उपग्रहावर गेला, काही आठवड्यांत त्याला थंड ठेवणारा हेलियम उडून गेला आणि खरं निरीक्षण सुरू व्हायच्या आधीच उपकरण निकामी. परत बांधला, 2016 ला हितोमी हा उपग्रह, पर्सियस दीर्घिकासमूहाचा एक अप्रतिम वर्णपट मिळाला आणि महिन्याभरात 26 मार्चला यान गरगर फिरून तुटलं. परत बांधला, सप्टेंबर 2023 मध्ये एक्सरिझम या उपग्रहावर गेला.

आता मला सांगा, 1992-93 मध्ये जे पैसे "वाचले" त्यांचा हिशोब तुम्ही कुठल्या खात्यात लिहिणार? तेच उपकरण चार वेळा बांधलं, एका पिढीची हयात गेली. एक्सेल शीटमध्ये कापलेली ओळ दिसते, न झालेलं विज्ञान दिसत नाही. आधी विज्ञान ठरलं पाहिजे, आणि त्यासाठी लागेल तो वेळ आणि पैसा दिलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

वेळापत्रकवाली
@खगोलवेडा_सातारा दादा, कॅलरीमीटरचं दुःख मलाही आहे, पण रॉकेट फेल होणं किंवा यान गरगर फिरणं हा काही कात्रीचा दोष नाही ना. आणि उलट बाजू बघा. 'लागेल तेवढा' म्हटलं की काय होतं त्यासाठी जेम्सचं (GEMS, जेम्स वेब नव्हे) उदाहरण, एक्स-रे ध्रुवीकरण, म्हणजे एक्स-रे लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात ते, मोजणारं नासाचं छोटं मिशन. खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर चालला म्हणून 2012 मध्ये सरळ रद्द. तेच विज्ञान नंतर नासाच्याच आयएक्सपीई (IXPE) या उपग्रहाने केलं, 18.8 कोटी डॉलरमध्ये, तीन एकसारख्या दुर्बिणी, एकच एनर्जी रेंज 2 ते 8 केईव्ही (एक्स-रेची ऊर्जा मोजायचं एकक), बाकी काही नको म्हणाले. 9 डिसेंबर 2021 ला गेलं. मर्यादा पाळणारं उडालं, न पाळणारं घरी राहिलं.

युरोपच्या अथेना या मोठ्या एक्स-रे दुर्बिणीच्या प्रकल्पाचं पण तेच. 2022 ला हिशोब केला तर 1.3 अब्ज युरोच्या जागी 1.9 अब्जाच्या घरात जायला लागलं, मग थांबवून पुन्हा डिझाइन करावं लागलं. आता न्यू-अथेना म्हणून 2037 च्या गोष्टी चालल्यात. पहिल्याच दिवशी कोणीतरी खडसावून विचारलं असतं तर एवढी वर्षं गेली नसती.

खगोलवेडा_सातारा
जेम्सचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे हो! 2012 ला रद्द केलं आणि जगाला 2021 पर्यंत थांबावं लागलं, नऊ वर्षं. थोडे जास्त पैसे दिले असते तर?

आणि आपला भारतीय खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट बघा. मंजुरी 2004 ची, उड्डाण 28 सप्टेंबर 2015, अकरा वर्षं. तुमच्या नियमाने 2008-09 ला कोणीतरी म्हटलं असतं तारीख गेली, काहीतरी कापा. काय कापलं असतं? नक्की सॉफ्ट (कमी ऊर्जेचे) एक्स-रे टिपणारा टेलिस्कोपच, कारण तेच सगळ्यात नवं होतं, सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकात एक बसवून केलेला आरसा, आपल्याकडे असं फोकस करणारं एक्स-रे उपकरण आधी कोणी केलंच नव्हतं, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ते हाताने शिकत शिकत उभं केलं. ते गेलं असतं तर काय उरलं असतं? ॲस्ट्रोसॅटची मजाच ही की अतिनील ते कठीण (जास्त ऊर्जेचे) एक्स-रे एकाच वेळी बघता येतं. सगळं मिळून 178 कोटीत झालं, पाच वर्षांसाठी बनवलेलं दहा वर्षांच्या पुढे चाललं. उशीर झाला म्हणून आज कोण रडतंय?

निविदा_नाना
दोघांचंही वाचलं. मी खरेदी विभागात 31 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही दोघं असं बोलताय की जणू तारीख आणि रक्कम आपल्या हातात आहे. ती हातात नसते बाळांनो.

एक प्रसंग सांगतो. डिटेक्टर मॉड्यूल परदेशातून मागवले होते, कंपनीचं नाव घेत नाही. नऊ महिन्यांत देतो म्हणाले, निर्यात परवाना, मग त्यांची लाइन बंद, मग पुन्हा परवाना, असं करत एकोणिसाव्या महिन्यात खोका आला. उघडून तपासले तर जवळपास अर्धे स्वीकृती चाचणीत नापास, काही पिक्सेल किरण पडलेला नसतानाही नुसतेच खोटे सिग्नल देतायत. तोवर मार्च येऊन गेला, पैसे लॅप्स, पुढच्या वर्षी आर.ई. (सुधारित अंदाजपत्रक) मध्ये कापले, म्हणून बदली मॉड्यूलची ऑर्डर आणखी आठ महिने लेट. यात शास्त्रज्ञाची चूक नाही, वेळापत्रकवालीचीही नाही. पण लेखापरीक्षणाचा शेरा कोणावर आला? प्रकल्पावर.

परदेशी मालाचा भावही हातात नसतो, 2004 ला डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2015 ला 65 च्या वर. जुलै 2022 ला संशोधन संस्थांची 5 टक्के जीएसटीची सवलत गेली आणि एकदम 18 टक्के झाला, ज्यांचं बजेट त्याआधी मंजूर होतं त्यांनी ते 13 टक्के कुठून आणायचे? जून 2025 मध्ये खरेदीचे नियम थोडे सैल केले, कोटेशनशिवाय घेण्याची मर्यादा एक लाखाची दोन लाख झाली, 200 कोटीपर्यंतची जागतिक निविदा संस्थेच्या प्रमुखांना मंजूर करता येते, ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण तोवर किती प्रकल्पांचा जीव गेला.

वेळापत्रकवाली
नाना, तुमचं शंभर टक्के पटलं, आणि म्हणूनच मी राखीव रकमेसाठी भांडते. प्रस्तावात राखीवचा कॉलम दाखवला की समिती विचारते हे कशासाठी, आत्ताच नीट अंदाज करता येत नाही का, आणि लाल पेनाने खोडते. मग टीम काय करते, तेच पैसे 'प्रवास' आणि 'किरकोळ' मध्ये लपवते, आणि खरंच मॉड्यूल नापास होतात तेव्हा ते पैसे त्या हेडखाली (खर्चाच्या खात्यात) वापरताच येत नाहीत. उघड मागितलेले पैसे लपवलेल्या पैशापेक्षा कितीतरी उपयोगी असतात. वेळेचंही तसंच, चार्टवर एकही मोकळा आठवडा दिसला की वरचे साहेब म्हणतात हा काढा, आणि काढतात.

थर्मोव्हॅक
मी टेस्टिंगमधला आहे. सहसा फक्त वाचतो पण आज राहवत नाहीये.

तुम्ही आरसे कापायचे की नाही यावर भांडताय, पण प्रत्यक्षात कोणीच आरसे कापत नाही, कापतात ती चाचणी, कारण ती शेवटी असते. आधीच्या सगळ्यांनी उशीर केलेला असतो, लाँचची तारीख हलत नाही, मग मधे काय उरलं? आम्ही.

आमच्या एका उपकरणाला थर्मल व्हॅक्युममध्ये आठ सायकल ठरलेल्या. म्हणजे चेंबर निर्वात करायचा, उपकरण उणे वीसपर्यंत थंड करायचं, तिथे काही तास ठेवून सगळं चालतंय का बघायचं, मग अधिक पन्नासपर्यंत, असं आठ वेळा, रात्रंदिवस पाळ्या लावून. मीटिंगमध्ये आग्रह झाला की चार करा, दहा दिवस वाचतात. आमचे ग्रुप लीडर सही करेनात, शेवटी आठच केल्या. सहाव्या सायकलला पहाटे तीन-साडेतीनला थंड टोकाला एका चॅनेलचे काउंट (नोंदलेल्या एक्स-रे फोटॉनची संख्या) एकदम शून्य. गरम केलं की परत नीट. उघडून शोधायला अकरा दिवस लागले, कनेक्टरच्या एका पिनखाली सोल्डरला केसाएवढी भेग, भिंगाखाली तिरका उजेड टाकला तेव्हा दिसली. थंडीत पिन आकसली की संपर्क तुटायचा. चार सायकल करून पास म्हणून पाठवलं असतं तर तो चॅनेल वर जाऊन गेला असता, आणि तिथे कोण जाणार सोल्डरिंग आयर्न घेऊन.

'चंद्रा'चीच अजून एक गोष्ट घ्या. 1998 मध्ये व्हॅक्युम चाचणीत तिच्या सीसीडी कॅमेऱ्याचं दार उघडलंच नाही. लाँच आधीच लांबलेलं, त्यात हे. तरी थांबून दुरुस्त केलं, आणि वर गेल्यावर ते उघडलं. उलट एक्सरिझमच्या कॅलरीमीटरसमोरचं दार आजही बंद आहे, बेरिलियमच्या खिडकीतून जेवढं आत येतं तेवढंच दिसतं, 1.7 केईव्हीच्या खालचं जवळजवळ सगळं गेलं. एका दारापायी. माझं म्हणणं एवढंच, रक्कम पक्की करा नाहीतर मोकळी सोडा, पण चाचणीचे दिवस कोणालाही हात लावता येऊ नयेत.

खगोलवेडा_सातारा
@थर्मोव्हॅक सर, अंगावर काटा आला वाचून. पण हे माझंच म्हणणं झालं ना, की तारीख पक्की केली की चाचणी कापली जाते. तारीख हा शत्रू आहे.

थर्मोव्हॅक
नाही हो, पूर्ण तसं नाही. तारीख नसेल तर चाचणी कधी सुरूच होत नाही, शास्त्रज्ञ मंडळी शेवटच्या दिवसापर्यंत फर्मवेअर बदलत बसतात, हेही मी पाहिलंय. मला दोन्हीकडून त्रास झालाय.

वेळापत्रकवाली
थर्मोव्हॅक सरांचं वाचून मला माझं वाक्य दुरुस्त करायचंय. मी म्हटलं होतं रक्कम आणि तारीख पक्की करा आणि उपकरण त्यात बसवा. आता म्हणते, चाचणीचे दिवस सगळ्यात आधी चार्टवर टाका, लाँचपासून मागे मोजत, आणि उरलेल्या जागेत उपकरण बसवा. म्हणजे कापायची वेळ आली की एखादा डिटेक्टर जाईल, सायकल नाही जाणार. एक डिटेक्टर कमी असलेलं पण चालणारं उपकरण मला चालेल.

खगोलवेडा दादा, 'चंद्रा'बद्दल मात्र मी मागे हटत नाही. 1992 ला कापलं नसतं तर तेव्हाच्या वातावरणात ती कदाचित रद्दच झाली असती, आणि मग कॅलरीमीटरही नाही आणि आरसेही नाहीत.

खगोलवेडा_सातारा
'कदाचित' वर कसं भांडायचं ताई. नासाचं न्यूस्टार हे एक्स-रे मिशन 2006 ला रद्द झालं होतं, 2007 ला परत जिवंत केलं, 2012 ला गेलं, कारण लोक विज्ञानासाठी हटून बसले. कॅलरीमीटरसाठी तेव्हा कोणीतरी तसं हटून बसायला हवं होतं. चाचणीच्या दिवसांबद्दल तुमच्याशी सहमत, बाकी मत तेच.

निविदा_नाना
एक सांगायचं राहिलं. मी नोकरीत असताना एक वही ठेवली होती, प्रत्येक परदेशी ऑर्डरची कबूल केलेली तारीख आणि खरी आलेली तारीख, शेजारी शेजारी. कोणी मागितली नाही कधी.

वेळापत्रकवाली
नाना, ती वही मला हवीये! कंपन्यांची नावं झाकून फक्त तारखांचे फोटो टाकलेत तरी चालेल. आम्ही अंदाज लावताना पुरवठादाराने सांगितलेले महिने तसेच्या तसे चार्टवर टाकतो, कारण दुसरा आकडाच नसतो आमच्याकडे.

निविदा_नाना
पोटमाळ्यावर आहे. रविवारी मुलगा आला की काढायला सांगतो.