लाहोर खटला : हायकोर्टात अपील का झालं नाही?

प्रश्न : लाहोर खटल्यात (पोलीस अधिकारी सँडर्सच्या हत्येच्या) भगतसिंग, सुखदेव, राजगुरूंना हायकोर्टात दाद का मागता आली नाही?

उत्तर : १ मे १९३० च्या वटहुकुमामुळे. खटला तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायाधिकरणाकडे गेला. आरोपी गैरहजर असले तरी कामकाज चालवायची मुभा, आणि निकालावर अपीलच नाही! वटहुकुमाची मुदत सहा महिने, म्हणून ही घाई. निकाल ७ ऑक्टोबरला.

दुसरं उत्तर : यात एक भर. मे महिन्यात आरोपींना कोर्टातून बाहेर नेण्याचा आदेश निघाला आणि कोर्टातच त्यांना मारहाण झाली. त्या आदेशाशी आपला संबंध नाही, असं तीन न्यायाधीशांपैकी एक, न्या. आगा हैदर यांनी नोंदवलं. जूनमध्ये न्यायाधिकरण नव्याने नेमलं, त्यात ते नव्हते. हे विसरता कामा नये.

प्रश्नकर्ता : आणि प्रिव्ही कौन्सिल?

उत्तर : ते लंडनमधलं, ब्रिटिश साम्राज्याचं शेवटचं अपील न्यायालय. तिथे अपील करायला आधी परवानगी लागायची. फेब्रुवारी १९३१ मध्ये ती नाकारली. फाशी २३ मार्चच्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेआधीच.