तापाच्या रुग्णांची गाववार आकडेवारी दर आठवड्याला जाहीर करावी का?

धागाकर्ती (साथरोग सर्वेक्षणाच्या संशोधक, पणजी)

रोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ साली सुरू झाला. त्यात आरोग्यसेविकेने संशयित रुग्णांचा ‘एस’, डॉक्टरने निदानाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेने तपासणीचा ‘एल’ असे नोंदीचे तीन तक्ते भरायचे असतात, आणि २०२१ पासून ही नोंद ऑनलाइन होते. माहिती वर पोहोचते, पण ज्या गावातून ती आली त्या गावाकडे ती क्वचितच परतते. म्हणून माझे मत असे की गाववार आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत, आणि प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी असाव्यात: किती जणांची तपासणी झाली, आणि त्या भागातील किती दवाखान्यांनी व प्रयोगशाळांनी अहवाल पाठवला. ज्या दवाखान्याने काहीच कळवले नाही त्याच्या रकान्यातही शून्य दिसत असेल, तर ते शून्य आजार नसल्याचा पुरावा नव्हे. तरीही ते तसेच वाचले जाते, आणि माझ्या कामात सर्वांत धोकादायक आकडा मला हाच वाटतो.

प्रतिसाद १ (खासगी वैद्यकीय व्यावसायिक, म्हापसा)

मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण झटपट चाचणीचा डेंग्यूचा कागद हातात घेऊनच येतात, पण राष्ट्रीय कार्यक्रमात प्रयोगशाळेतील एलायझा या रक्तचाचणीशिवाय डेंग्यू निश्चित मानला जात नाही. लोकांना हा भेद सांगायला वेळ लागतो, आकडा मात्र मोबाइलवर क्षणात फिरतो.

याहून गंभीर बाब वेगळी आहे. वीस घरांच्या वाड्यात ‘मलेरियाचे दोन रुग्ण’ असे जाहीर केले तर ते कोण हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते परप्रांतीय बांधकाम मजूर असतील तर घरमालक त्यांना खोली सोडायला सांगतो. पुढच्या वेळी ताप आलेला मजूर रक्त तपासायला येणारच नाही. मग आपल्या सर्वेक्षणाला दिसणार तरी काय?

प्रतिसाद २ (निवृत्त शिक्षिका, सत्तरी तालुका)

डॉक्टर, आपली भीती मला समजते, पण आमच्या तालुक्याचा अनुभव उलट आहे. माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने होणारा आणि माकडांचाही जीव घेणारा ताप, कर्नाटकात १९५७ साली ओळखला गेला आणि आमच्याकडे २०१५ मध्ये आला. गोचिडीची पिल्ले जानेवारीपासून मेपर्यंत सर्वाधिक असतात, म्हणजे नेमक्या काजूच्या हंगामात, जेव्हा घरातील बायामाणसे पालापाचोळ्यात वाकून बोंडे गोळा करतात. कोणत्या बागायतीजवळ माकड मरून पडले हे वनखात्याला कळते आणि ताप आरोग्य केंद्राला कळतो. ज्या बाईला सकाळी बागायतीत जायचे असते तिला यांतले काहीच वेळेवर कळत नाही. तिच्या पोटापाण्याचा आणि जिवाचा प्रश्न असताना अफवांच्या भीतीने माहिती अडवणे मला अन्यायाचे वाटते.

धागाकर्ती

मजुरांबाबत डॉक्टरांचे म्हणणे मी हलके मानत नाही. बांधकाम मजुरांची मलेरिया तपासणी करून त्यांना हेल्थ कार्ड देण्याची तरतूद गोव्याच्या कायद्यात आहे, आणि हे कार्ड संरक्षणाऐवजी संशयाचे कारण ठरू नये. पण शहरी मलेरियाचा डास स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत वाढतो. मग आजारी मजुराचा वाडा जाहीर करण्याऐवजी, डासांच्या अळ्या सापडलेले बांधकाम कोणते आणि तेथील पाणी काढले की नाही, हे जाहीर करू या. त्याचे उत्तर ठेकेदाराने द्यायचे आहे, तापाने फणफणलेल्या माणसाने नव्हे. संशयित आणि निश्चित रुग्णांचे रकानेही अर्थातच वेगळे हवेत.

रेबीजचा दाखला येथे लागू पडतो. संशयित कुत्र्याची खबर लोकांनी द्यायची आणि पथकाने तातडीने पोहोचून त्याची तपासणी करायची, अशी पद्धत लसीकरणाच्या जोडीने गोव्यात बसली, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. लोकांना दूर ठेवून हे साधले नसते.

प्रतिसाद ३ (खासगी वैद्यकीय व्यावसायिक, म्हापसा)

मेलेली माकडे आणि अळ्यांची ठिकाणे जाहीर करण्यास माझी हरकत नाही. ती त्याच दिवशी जाहीर व्हावीत. माणसांचे आकडे मात्र तालुक्याच्या खाली नेऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे. शिवाय बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शेजारच्या महाराष्ट्रातील दोडामार्ग-सावंतवाडीचेही रुग्ण येतात. त्यांची नोंद राहत्या गावी न होता उपचाराच्या ठिकाणी झाली, तर गाववार तक्ता पहिल्याच आठवड्यात चुकेल. आणि अहवाल न पाठवणाऱ्या दवाखान्यांची नावे छापणार असाल, तर एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला नोंदणीसाठी माणूस कोण देणार, हेही प्रस्तावात लिहा.

धागाकर्ती

नावे नकोत, प्रमाण पुरे. नोंदणीच्या मनुष्यबळाची मागणी मी प्रस्तावात घालते. राहत्या पत्त्याची अट तर आधीच हवी होती. तालुक्याची मर्यादा मात्र मला मान्य नाही, कारण सत्तरीसारख्या विस्तीर्ण तालुक्याचा एकच आकडा वाळपईच्या बाजारात राहणाऱ्याला विनाकारण घाबरवतो आणि जंगलालगतच्या गावाला काहीच सांगत नाही.