नोंदीत निष्कर्ष नको, निरीक्षण हवं

‘रुग्ण बरा आहे, तक्रार नाही’ एवढी नोंद का चालत नाही, असं नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. कारण पुढच्या पाळीतल्या नर्सला त्यातून काहीच कळत नाही. ‘रुग्ण अस्वस्थ वाटतो’ हा आपला निष्कर्ष झाला. ‘सारखी कूस बदलतो, नाडी ११२, वेदना १० पैकी ७’ हे निरीक्षण. वेदनाशामक दिलं की तिथेच थांबू नका. ठरलेल्या वेळेनंतर वेदना किती उरली, तेही लिहा. विद्यार्थ्यांची नोंद बहुतेकदा इथेच अर्धवट राहते, आणि औषध लागू पडलं का हे डॉक्टर त्याच ओळीवरून ठरवतात.

औषधाच्या मात्रेच्या नोंदीबाबत मी फार आग्रही आहे. १.० मिग्रॅ लिहू नका, टिंब पुसट झालं तर ते १० वाचलं जातं. .५ नव्हे, ०.५ लिहा. इन्सुलिनसाठी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि मात्रा दहापट होऊ शकते. कागदावर चुकलंच तर व्हाइटनर नको: खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, तारीख, वेळ, सही. औषध देण्याआधीच ‘दिलं’ अशी नोंद तर कधीच नको.

स्वतःच्या प्रगतीसाठी वेगळी वहीही ठेवा, त्यात रुग्णाची ओळख पटेल असं काही नको. आज काय पाहिलं, काय सुटलं, वरिष्ठांनी काय दाखवलं, एवढं पुरे. आणि वॉर्डमधली आपली एखादी नोंद वॉर्डातच वरिष्ठ नर्सताईंना वाचायला द्या. ती वाचून त्यांना कोणता प्रश्न पडतो, ते विचारा.