फी थकली म्हणून टीसी-मार्कशीट अडवायची?

एटीकेटीवाला:
भाऊ बीई झाला, नोकरीही लागली. कंपनीला ओरिजिनल हवेत. नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, वर्कशॉप, जिमखाना, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, फक्त अकाउंटचा रकाना कोरा. कारण काय, तर शेवटच्या वर्षाची स्कॉलरशिप (भारत सरकारची, एससी) जमा नाही. सरकारनं पैसे थकवले आणि ओलीस पोरगा! यूजीसीनं 2018 मध्येच बजावलंय, मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायची नाहीत.

हिशेबनीस:
ते परिपत्रक नीट वाचा. प्रवेशाच्या वेळी दिलेले दहावी-बारावीचे कागद आणि प्रवेश रद्द केल्यावरचा परतावा, याबद्दल आहे ते. आता दुसरी बाजू. 2021 पासून या स्कॉलरशिपमधला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा. किती जण भरतात? पैसे आले की फोन उचलत नाहीत. आम्ही विनाअनुदानित. प्राध्यापकांचे पगार कुठून करू?

खानावळ_बंद:
पैसे येतात कधी ते पण सांगा की. तोवर पोरं मेस आणि खोलीभाडं उसनवारीवर काढतात. आले की आधी ते देणं भागवतात. मोबाइल घेणारेही आहेत, नाही म्हणत नाही.

वकिलीण:
वसुली करायची तर दावा लावा. प्रमाणपत्र म्हणजे बाजारात विकायचा माल नव्हे, ते अडकवून ठेवता येत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलंय.

हिशेबनीस:
चाळीस हजारांसाठी दावा? निकाल लागेपर्यंत मी रिटायर होईन. पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र घेऊनही पाहिलं, पुढे पत्ताच लागत नाही. टीसी हातात असेपर्यंतच माणूस समोर येतो.

खानावळ_बंद:
आणि टीसी अडवून नोकरी घालवलीत तर फेडणार कशातून?

एटीकेटीवाला:
हिशेबनीस साहेब, भावाच्या खात्यात एक रुपया आलेला नाही. राज्याचा 40 टक्के हिस्सा पडल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही, आणि तोच पडलेला नाही. पासबुक दाखवलं तरी क्लार्क ऐकेना.

हिशेबनीस:
मग ते चूक आहे. आलेच नाहीत ते पैसे समाजकल्याणकडे मागायचे, मुलाकडे नव्हे. पासबुकाची झेरॉक्स आणि महाडीबीटीवरच्या (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल) स्टेटसची प्रिंट जोडून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. पैसे घेऊन बसलेल्यांबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.

खानावळ_बंद:
अर्ज घेतात हो. पोच देत नाहीत.